हिरव्या अर्कातला करडा पट्टा

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पालकाची पानं ॲसिटोनमध्ये खलून अर्क काढला आणि दुसऱ्या दिवशी टीएलसी (थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्लेटवरच्या सिलिकाच्या पातळ थरावर द्रावक चढवून रंग वेगळे करणं) केली. पिवळे आणि हिरवे पट्टे मिळाले, पण सर्वांत वरच्या पिवळ्याच्या खाली एक करडा पट्टाही आला. पुस्तकातल्या आकृतीत तो नाही. खोडून टाकू का? शिवाय मैत्रिणीने नुसतं पेट्रोलियम ईथर वापरलं, तर हिरवं जागचं हललंच नाही. असं का?

उत्तर : खोडू नका. तुमच्या प्लेटवर मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच पट्टा. हे बहुधा फिओफायटिन आहे. क्लोरोफिलच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, चार नायट्रोजननी धरून ठेवलेला. आम्ल भेटलं की मॅग्नेशियम निसटतो, त्याच्या जागी दोन हायड्रोजन येतात आणि हिरवा रंग करडा होतो. हे आम्ल तुम्ही घातलेलं नाही. ते पानाच्या पेशींतच साठवलेलं असतं. खलताना पेशी फुटल्या की ते क्लोरोफिलला येऊन मिळतं. त्यात अर्क रात्रभर राहिला. प्लेटवरची सिलिकाही किंचित आम्लधर्मी असते, ती उरलेलं काम करते.

माझ्या शब्दावर विसंबू नका, पडताळून पाहा. ताज्या अर्काचे दोन भाग करा, एकात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका आणि दोन्हींचे ठिपके एकाच प्लेटवर शेजारी शेजारी द्या. आम्लाच्या बाजूला हिरवे पट्टे फिके पडतील आणि करडा ठसठशीत होईल.

पुढच्या वेळी पानं खलतानाच चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घाला, म्हणजे आम्ल तिथेच मरेल. ॲसिटोन थंड घ्या, अर्क उजेडात ठेवू नका. मग तो सेपरेटिंग फनेलमध्ये पेट्रोलियम ईथर आणि मिठाच्या पाण्याबरोबर हलवा. अगदी हळू, उलटसुलट करत. जोरात हलवलंत तर पायस (इमल्शन, दोन्ही द्रव एकमेकांत मिसळून राहणं) होऊन थर सुटत नाहीत. मध्येमध्ये तोटी उघडून आतला दाब सोडा, जवळपास ज्योत नको. वरचा हिरवा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा आणि प्लेट त्याच दिवशी लावा. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी 1906 मध्ये क्रोमॅटोग्राफीची पद्धत सविस्तर मांडली, तेव्हा रंग वेगळे करायला कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीने भरलेली नळी वापरली होती. ते आम्लधर्मी नाही, म्हणून नाजूक क्लोरोफिलला मानवतं. मला त्या निवडीचं फार कौतुक वाटतं.

मैत्रिणीच्या प्लेटचं उत्तर सोपं आहे. सर्वांत वरचा पिवळा पट्टा कॅरोटिनचा. कॅरोटिनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन, त्यामुळे ते सिलिकाला धरून राहत नाही, द्रावकाबरोबर वर निघून जातं. क्लोरोफिल ध्रुवीय, म्हणजे त्याच्या रेणूत विद्युतभार असमान वाटलेला, म्हणून ते सिलिकाला चिकटून बसतं. क्लोरोफिल बी मध्ये ए च्या एका मिथाइल गटाच्या जागी आल्डिहाइड असतो, म्हणून ते ए च्या मागे राहतं. हायड्रॉक्सिल गट असलेली झँथोफिलं, म्हणजे दुसरी पिवळी रंगद्रव्यं, बहुधा त्याहून खाली. तिला सात भाग पेट्रोलियम ईथर आणि तीन भाग ॲसिटोन घ्यायला सांगा. सगळेच पट्टे वर जाऊन गर्दी करू लागले, तर ॲसिटोन थोडं कमी करायचं.