ठेवीदार किती सुरक्षित?

प्रश्न : पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या २०१९ मधील संकटानंतर झालेल्या सुधारणा पुरेशा आहेत का? आईची निवृत्तीची पुंजी सहकारी बँकेत आहे.

उत्तर : माझ्या मते नाहीत. ठेव विमा, म्हणजे बँक अडचणीत आल्यास प्रत्येक ठेवीदाराला मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा, २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेली आणि बँकेवर निर्बंध आल्यास ती रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली, हा मोठाच दिलासा आहे. कारण पीएमसीच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी अवघे १,००० रुपये काढता येत होते, म्हणजे महिन्याच्या औषधांनाही ते पुरत नव्हते. परंतु पीएमसीत एकाच बांधकाम समूहाची कर्जे हजारो बनावट खात्यांआड वर्षानुवर्षे लपली, ती लेखापरीक्षणाला दिसली नाहीत, हे मूळ दुखणे विम्याने बरे होत नाही. आईंची ठेव एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आतच ठेवावी.