वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅम थांबेल की फिरतच राहील?

प्रश्न : एका कोड्यात काल्पनिक संगणक दिला आहे. त्यात अ आणि ब अशी दोन रजिस्टर आहेत व प्रत्येकात ० ते २५५ एवढीच संख्या मावते. २५५ मध्ये १ मिळवला की पुन्हा ० येतो. सूचना चारच आहेत : ‘ठेव’, ‘वाढव’, ‘घटव’ आणि ‘उडी’. ‘उडी अ -२’ याचा अर्थ, अ शून्य नसेल तर दोन ओळी मागे जा, नाहीतर पुढची ओळ घे. दिलेला प्रोग्रॅम थांबेल की अखंड फिरत राहील, हे सांगायचे आहे. एखादी ओळ दुसऱ्यांदा आली की माझा पायथन प्रोग्रॅम ‘फिरत राहील’ असे सांगतो, पण ते पुष्कळदा चुकते. ती तपासणी काढली, तर ब मधील उत्तर कमी येते. असे का?

उत्तर : उत्तर कमी येण्याचे मूळ बहुधा उडीत आहे. पुढील चार ओळी कागदावर चालवून पाहाव्यात.

ओळ ० : ठेव अ ३
ओळ १ : वाढव ब
ओळ २ : घटव अ
ओळ ३ : उडी अ -२

ब शून्यापासून सुरू झाला, तर शेवटी तो ३ व्हायला हवा. परंतु सूचना वाचतानाच आपण ओळीचा क्रमांक १ ने वाढवत असाल, तर उडी ३ ऐवजी ४ पासून मोजली जाते आणि ओळ २ वर पडते. ‘वाढव ब’ पुन्हा चालतच नाही आणि ब १ वर अडकतो. म्हणून उडी घेतली तर अंतर मिळवावे, नाहीतर १ मिळवावा, आणि हा निर्णय प्रोग्रॅममध्ये एकाच जागी घ्यावा. मँचेस्टर विद्यापीठात १९४८ साली चाललेल्या ‘बेबी’ संगणकात क्रमांक सूचना वाचण्यापूर्वीच वाढत असे, त्यामुळे तिथे उडीचा पत्ता एकने कमी लिहावा लागे. तीही पद्धत चालते; मात्र नक्कल करताना कोड्याने दिलेला नियमच पाळला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. वरच्या प्रोग्रॅममध्ये ओळ १ तीनदा येते आणि तरीही तो थांबतो, कारण दर वेळी अ वेगळा असतो. उडीला अट नसती, तर ओळ पुन्हा येणे हा पुरेसा पुरावा ठरला असता. इथे ओळीचा क्रमांक, अ आणि ब ही तिन्ही मूल्ये एकत्रितपणे पूर्वीसारखीच आली, तरच पुढचे सारे जसेच्या तसे घडणार हे निश्चित होते. हे त्रिकूट प्रत्येक पायरीला एका संचात टाकावे आणि ते तिथे आधीच सापडले तर थांबावे. चार ओळींच्या प्रोग्रॅमला अशा ४ × २५६ × २५६, म्हणजे २,६२,१४४ स्थितीच शक्य आहेत. तेवढ्या पायऱ्यांत तो संपला नाही, तर तो कधीच संपणार नाही.

हा हिशेब संख्या २५५ पर्यंत मर्यादित आहेत म्हणूनच जुळतो. पायथनमधील पूर्णांक मात्र वाढतच जातात, त्यामुळे प्रत्येक ‘वाढव’ आणि ‘घटव’ नंतर २५६ ने भागून उरलेली बाकी घ्यावी. पायथनमध्ये -१ ची अशी बाकी २५५ येते, पण सी भाषेत साध्या पूर्णांकासाठी ती -१ च राहते.

तपासणीसाठी, अ शून्य ठेवून ‘वाढव अ’ आणि ‘उडी अ -१’ एवढ्या दोनच ओळी चालवाव्यात. ‘वाढव’ २५६ वेळा घडून अ पुन्हा शून्य व्हावा आणि प्रोग्रॅम थांबावा. बाकी घ्यायची राहिली असेल, तर याच दोन ओळी कधीही थांबणार नाहीत आणि स्थितीही पुन्हा येणार नाही.