घरी शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला महाविद्यालयीन ऑनलाइन अभ्यासक्रम झेपतील का?

तुमच्या मुलाला गणितात गती आहे आणि दहावी व्हायची आहे, एवढ्या माहितीवर झेपतील असेच मी म्हणेन. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर नावनोंदणी मोफत असते आणि परीक्षा ऐच्छिक असते.

माझ्या मुलीने चौदाव्या वर्षी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद शिकवतात तो पायथन या संगणकभाषेचा तिथला ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध माझ्या थोरल्या दिरांचा होता. ते महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. तो दंड भाऊजींनी दिवाळीत, राजारामपुरीतल्या आमच्या घरी, फराळ करता करता माझ्यावर बसवून टाकला. नंतर त्यांनी मुलीला ११४७ आणि ८९९ यांचा मसावि विचारला. अवयव पाडायला हे आकडे त्रासदायक आहेत. तिने मोठ्या संख्येला लहान संख्येने भागून बाकी घेतली, मग त्या बाकीने लहान संख्येला भागले, आणि असे करत ३१ वर येऊन थांबली. दोन्ही संख्यांना भागणारी संख्या त्यांच्या बाकीलाही भागतेच, म्हणून हे चालते, असेही तिने न विचारता सांगितले. त्या अभ्यासक्रमाची सुरुवातच मसाविपासून होते, हे भाऊजींना ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले, “ठीक आहे, पण गुणपत्रिका कुठे आहे?”

गुणपत्रिका हवी असेल तर १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून दहावी देता येते. ते काम या अभ्यासक्रमांवर लादू नये. महाराजांचा दंड मुलांचे शिक्षण अडवणाऱ्यांसाठी होता, हे गणिताच्या प्राध्यापकाला मी सांगावे लागू नये.

तरीही एका वेळी एकच अभ्यासक्रम द्या, आणि दर आठवड्याचा स्वाध्याय मुदतीत पाठवणे ही मुलाचीच जबाबदारी ठेवा. शेजारी बसून उत्तरे सुचवू नका. व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत असतात, त्यामुळे ऐकून समजण्याची सवय नसेल तर पहिले काही आठवडे जड जातात. रसायनशास्त्र मात्र केवळ पडद्यावरून शिकवू नका. त्यासाठी ओळखीच्या एखाद्या शिक्षकांमार्फत प्रयोगशाळेत काम करू देतात का, ते आधी पाहा.