न्यूमोनियाची लस: दरवर्षी, पाच वर्षांनी की एकदाच?

प्रश्न: माझं वय 69, ह्यांचं 74. ह्यांना मधुमेह आहे, शिवाय थंडीत दम लागतो. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, सांगितलाय. सहा वर्षांपूर्वी ह्यांना न्यूमोनियाची लस दिली होती. मी घेतलेली नाही. समोरच्या ब्लॉकमधले काका म्हणतात, 'आम्ही दर पावसाळ्याआधी घेतो.' मेडिकलवाले म्हणतात, पाच वर्षं झाली की पुन्हा घ्यायची. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, 'आई, एकदाच पुरते.' ऐकायचं कोणाचं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तिघं तीन वेगवेगळ्या लशींबद्दल बोलताहेत.

काका दरवर्षी घेतात ती बहुधा फ्लूची लस. एकदा त्यांची पावती बघाच. माझ्याकडेही निम्मे ज्येष्ठ 'न्यूमोनियाची द्या' म्हणत फ्लूची घेऊन जातात. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती लस दरवर्षी घ्यायची, आपल्याकडे पावसाळा लागायच्या आत. ती तुम्हा दोघांनाही हवी, कारण फ्लूने फुप्फुसं नरम पडली की मागाहून न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जिवाणू शिरतो. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता. तोंडाला रुमाल बांधून बसलेली अख्खी पीएमटी बस तुम्हालाही आठवत असेल.

आता खरी न्यूमोनियाची लस. ती या न्यूमोकॉकस एकट्यावरच चालते. त्याचे शंभरावर प्रकार आहेत आणि लशीच्या नावातला आकडा म्हणजे त्यातले किती प्रकार तिच्यात घेतलेत ते. जुनी आहे तेवीसची. तिच्यात जिवाणूच्या अंगावरच्या शर्करेच्या कवचाचे तुकडे असतात. नुसत्या शर्करेची आठवण शरीर फार दिवस ठेवत नाही, चार-पाच वर्षांत परिणाम ओसरायला लागतो. मेडिकलवाल्यांचा पाच वर्षांचा हिशेब इथून आला. तेरा आणि वीस या कॉन्ज्युगेट लशी. त्यांत तीच शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे शरीर तिची पक्की नोंद ठेवतं. वीसची एकदा घेतली की पुढे काही नाही. अमेरिकेत आता पन्नाशीनंतर सगळ्यांनाच वीस किंवा एकवीसची एक मात्रा सांगतात, मुलगा तेच म्हणतोय.

तेव्हा ह्यांची फाइल काढा. लस दिली की डॉक्टर पुष्कळदा सिरिंजवरचं स्टिकर सोलून कागदावर चिकटवतात. नखाएवढं असतं, त्यावर लशीचं नाव आणि बॅच नंबर छापलेला असतो. 'प्रेव्हनार 13' असेल, तर आता वीसची एक घ्या आणि विषय संपवा. ती मिळाली नाही तर तेवीसची एकदा. 'न्यूमोव्हॅक्स 23' असेल, तर ती पासष्टीनंतर घेतलेली असल्याने पुन्हा तीच घ्यायची गरज नाही. कॉन्ज्युगेटपैकी एक घ्यायची, वीस मिळाली तर उत्तमच. मधे वर्षभराचं अंतर लागतं, ते तर केव्हाच उलटून गेलंय. कागद सापडलाच नाही तर घेतलीच नव्हती असं धरायचं. एक मात्रा जास्त झाली तर दोन दिवस दंड दुखेल, एवढंच. मात्र दर दोन-तीन वर्षांनी हौसेने तेवीसची टोचून घेणारे मी पाहिलेत. त्याने हात सुजतो आणि पैसे जातात.

पाच वर्षांनी तेवीसची दुसरी मात्रा आम्ही देतो ती प्लीहा काढलेल्यांना, मूत्रपिंड बदललेल्यांना, डायलिसिसवर असलेल्यांना, केमो चालू असलेल्यांना. साध्या मधुमेहाला किंवा दम्याला तो नियम लावू नका.

तुमचं सोपं आहे. वीसची एक. नाहीतर तेराची घेऊन वर्षाने तेवीसची, बस्स. फ्लूची त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेतली तरी चालते. ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा.

एक सांगायलाच हवं. ही लस घेऊनही न्यूमोनिया होऊ शकतो, कारण तो विषाणूंमुळे आणि दुसऱ्या जिवाणूंमुळेही होतो. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे 84 हजार लोकांवर तेराच्या लशीची चाचणी झाली, 2015 मध्ये ती प्रसिद्ध झाली. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया जवळजवळ 45 टक्क्यांनी कमी झाला आणि त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा गंभीर आजार 75 टक्क्यांनी. ह्यांच्यासारख्या फुप्फुसांसाठी काही हजार रुपये खर्चायला मला एवढं पुरेसं वाटतं.

आणि लस मेडिकलमधून आणून दवाखान्यात टोचून घेणार असाल, तर आधी डॉक्टर जागेवर आहेत ना ते विचारा. तिला 2 ते 8 अंश तापमान लागतं. पिशवीत घालून तुळशीबागेची खरेदी उरकू नका, आणि बर्फाला टेकवूनही आणू नका. गोठली की ती टाकून द्यावी लागते.

प्रश्न: नातवाला पालिकेच्या दवाखान्यात न्यूमोनियाची लस फुकट दिली. बाहेरची महागडी पुन्हा द्यावी का? (एक आजोबा, हडपसर)

उत्तर: नको. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना असे तिन्ही डोस कार्डावर आहेत का, तेवढं बघा. पालिकेच्या दवाखान्यात मिळते तीही कॉन्ज्युगेटच. दोन वर्षांखालच्या मुलांत तेवीसची चालतच नाही. आणि दहा प्रकारांची आपली देशी लस तुमच्या हडपसरच्या सीरमनेच बनवलीय, काका.

प्रश्न: वय 46, सिगरेट रोज. मला लागू आहे का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: आहे. सिगरेट ओढणाऱ्याला पन्नाशीची वाट बघायची गरज नाही. वीसची एक घ्या, आणि त्याच भेटीत सिगरेट सोडायच्या गोळ्यांबद्दलही विचारा. माझे पेशंट पहिलं लगेच करतात, दुसरं 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात.