संकष्टी, सुकती आणि जिताडा

प्रश्न : काका, दोन वर्षांपूर्वी दहा फुटी काठी आणि रीळ घेतलं. महिन्यातला एखादा शनिवार अलिबागला येतो, रात्री दहा ते दोन पुळणीवर उभा राहतो आणि अंगातली सगळी ताकद लावून लांब फेकतो. शिंगाळे भरपूर मिळाले, एक पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) मिळालं, जिताडा एकही नाही. किनाऱ्यावरून तो मिळतो तरी का? की होडीच हवी? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : मिळतो, होडी नको. तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांनी घोळ घातलाय. एक 'शनिवार' आणि दुसरा 'लांब'.

समुद्राला वार कळत नाही, तिथी कळते. आमच्याकडचा जुना हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, रात्री नऊच्या पुढेमागे, पूर्ण ओहोटी. थोडी मिनिटं इकडेतिकडे होतात. माझ्या वडिलांनी मनगटावर घड्याळ न बांधता याच हिशेबावर गरवलं, म्हणजे गळानं मासे धरले. तुम्ही मोबाइलवर कोष्टक बघा, माझी हरकत नाही, पण सुट्टी बघून निघू नका.

आणि अलिबागच्या मधल्या किनाऱ्यावर नका उभे राहू. थोडं दक्षिणेला रेवदंड्याला या, जिथे कुंडलिका समुद्राला मिळते. जिताडा मोकळ्या पुळणीवर रमणारा मासा नव्हे. अंडी खाऱ्या पाण्यात, पिल्लं खाडीतून वर मचूळ आणि गोड्या पाण्यात. खाडीकाठच्या खारेपाट पट्ट्यातले लोक तर त्याला घरामागच्या तळ्यात पोसतात. त्याचं येणं-जाणं खाडीच्या मुखातून. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतली बोयटं (लहान मासे), कोळंबी पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात, आणि हा मुखाशी दबा धरून बसतो. त्याला पोहायचे कष्ट नकोत, ताट समोर यायला हवं.

आता कृष्ण पक्षातली चतुर्थी घ्या. सूर्य मावळल्यापासून चंद्र उगवेपर्यंत काळोख, आणि सुकतीचे शेवटचे दोन तास नेमके त्याच काळोखात. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंतच्या संकष्ट्या मी सहसा चुकवत नाही. पंचाईत एवढीच की त्या दिवशी आमच्या घरात मासळीचं नावही काढायचं नसतं. चंद्र बघून हिचा उपास सुटला तरी मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. बर्फाच्या खोक्यात घालून, वर पाटा ठेवून पडवीत रात्र काढतो. पाटा मांजरासाठी.

मग 'लांब'. हे मलाही उशिराच कळलं. एका संकष्टीला मी गुडघाभर पाण्यात उभा राहून तिसऱ्या लाटेच्या पलीकडे फेकत होतो. तासभर काही नाही. आणि माझ्या पाठीमागे, म्हणजे मी आणि कोरडी वाळू यांच्या मधे, 'भुप्' असा आवाज झाला. पालथ्या कळशीवर तळहात मारल्यासारखा. मागोमाग चार-पाच बोयटं उडून वाळूवर पडली. तिथे ओहोटीनं एक चर पाडला होता, पोटरीएवढं पाणी, बाहेरच्या बाजूला वाळूचा दांडा. मी त्याच चरातून चालत आत गेलो होतो, गड्याच्या जेवणाच्या ताटात पाय देऊन!

गुपचूप बाहेर आलो, पाण्यापासून दहा पावलं मागे कोरड्यावर उभा राहिलो. जिवंत बोयटाच्या पाठीच्या पंखापुढे नुसत्या कातडीतून गळ घातला, शिसं अगदी लहान, आणि ते चरात अलगद सोडलं. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बोटावर ठेवला. आधी बोयट थरथरलं, मग दोऱ्याला एकदम ढील पडली, मग रीळ ओरडलं. अख्खा मासा पाण्याबाहेर येऊन मान झटकत होता. बॅटरीच्या उजेडात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल. भरला अडीच किलो.

तेव्हा काठी पेलून फेकायचं सोडा, कान वापरा. बॅटरी पाण्यावर मारू नका. मी तिच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद बांधतो आणि आमिष लावताना समुद्राकडे पाठ करतो. गळाच्या वरचा हातभर तंगूस जाड ठेवा, कारण जिताड्याच्या कल्ल्यांचं झाकण पात्यासारखं असतं. त्याला कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. माझ्या उजव्या तर्जनीला तीन टाके आहेत, त्याचं कारण हेच. थंडीत कधी कधी पाणी निळसर चमकतं, दोरा पाण्यात हलला की उजेडाची रेघ उमटते. अशा रात्री मी चहा पिऊन परत येतो.

आणि तीन फुटांच्या पुढचा लागला तर फोटो काढून सोडा. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. ते थोराड धूड म्हणजे अंड्यांचं कोठारच.

खाडीच्या मुखाशी सुकतीची ओढ फार, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. एकट्यानं तर नकोच.

प्रश्न : रात्री पाण्यात पाकटाचा काटा लागला तर काय करावं? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : आधी लागू नये म्हणून पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, पाकट स्वतःच सरकतं. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. भाजेल इतकं गरम नको. चिरून विष काढायच्या भानगडीत पडू नका. काटा खोल रुतला असेल तर उपटूही नका, आणि थेट डॉक्टर गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनसकट. मी दोन थर्मास नेतो, एक चहाचा, एक पाण्याचा. पाण्याच्या झाकणाला लाल दोरा बांधलाय, कारण एकदा काळोखात मित्राच्या पायावर चहा ओतून झालाय.