पुण्याहून एका दिवसात आईबाबांना गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं आहे. धावपळ नको, निवांतपणा हवा. कुठे जावं?

उन्हेरे. पालीच्या बल्लाळेश्वरापासून जेमतेम तीन किलोमीटर. माझ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून दर हिवाळ्यात तिला तिथे नेतो.

वज्रेश्वरी-गणेशपुरीचं नाव मोठं, पण पुण्याहून जाताना भिवंडीकडच्या गर्दीतच जीव दमतो. दापोलीजवळचं उन्हवरे मुक्कामाशिवाय नको. उन्हेरेला मात्र लोणावळा, खोपोली, मग पाली अशी सरळ वाट आहे. उन्हेरे, उन्हवरे या नावांतच 'ऊन पाणी' आहे, तिकडे राजापूरजवळ उन्हाळे आहे तसंच. मला हे फार आवडतं.

पहिल्या वेळी मी चूक केली. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून वाटेत महडचा वरदविनायक, मग बल्लाळेश्वर, रांगा, जेवण, असं सगळं उरकून दुपारी दोनला कुंडावर पोचलो. बाहेर ऊन, आत गरम पाणी, पोट भरलेलं. आई पाच मिनिटांत बाहेर आली आणि परतीच्या वाटेवर गप्पच होती. तेव्हापासून आम्ही उलटं करतो. पहाटे पाचला कोथरूडहून निघायचं, आधी कुंड, नंतर नाश्ता, आणि मन झालं तरच दर्शन. थंडीत सकाळी पाण्यावर वाफ तरंगत असते, गंधकाचा हलका वास येतो आणि माणसं आपोआप हळू बोलतात. बायकांसाठी आणि पुरुषांसाठी कुंडं वेगळी आहेत, त्यामुळे आई मोकळेपणाने बसते. शनिवार-रविवार आणि चतुर्थी मात्र टाळा, अंगारकी तर नक्कीच.

हे पाणी गरम का, असं बाबा नक्की विचारतील. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून झटकन वर येतं, वाटेत थंड व्हायला सवड मिळत नाही, आणि खडकांतले क्षार सोबत आणतं.

वयस्कर माणसांना एका वेळी दहा मिनिटांच्या वर बसू देऊ नका. बाहेर काढायचं, पाणी पाजायचं, वाटलं तर पुन्हा बसवायचं. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि डोकं बुडवू नका, हे मी हट्टाने सांगतो: गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. क्वचितच होतं, पण जिवावर बेततं. साबण लावू नका, ते पाणी सगळ्यांचं आहे. पायऱ्या निसरड्या असतात, हात धरूनच उतरवा.

दुखणं बरं होतं असा दावा मी करणार नाही. पण त्या संध्याकाळी आई आमच्या इमारतीचा जिना कठडा न धरता चढते.

येताना पालीत कुळथाचं पीठ घ्या आणि अंधार पडायच्या आत घाट चढून या.