आल्प्समधल्या मों ब्लां शिखराभोवतीचा पायी ट्रेक, टूर द मों ब्लां, झाल्यावर एक दिवस उरतोय. डोंगरातल्या शामोनी गावात थांबावं की जिनिव्हा शहरात जावं?

मी सांगेन जिनिव्हा, आणि तेही आदल्या संध्याकाळीच गाठा. शामोनीहून बसने साधारण सव्वा-दीड तास लागतो. विमान जिनिव्हाहूनच असेल, तर डोंगरातून वेळेत पोचायची धाकधूक उरत नाही. शिवाय तीन देशांतून १७० किलोमीटर चालून झाल्यावर आणखी एक चढ नको वाटतो, हे तुम्हाला तिथे गेल्यावर कळेलच.

मुक्कामाच्या हॉटेलात ट्राम-बसचा पास फुकट मिळतो, तो मागून घ्या. जिनिव्हाच्या तळ्यातल्या छोट्या पिवळ्या बोटीही त्यावर चालतात. रविवार असेल तर पाव-चीज शनिवारीच आणून ठेवा, दुकानं बंद असतात.

सकाळी आम्ही दोघी बँ द पाकीला गेलो. तळ्यातच बांधलेलं सार्वजनिक स्नानगृह आहे ते. फोड आलेले पाय पाण्यात सोडून बसलो. समोर १४० मीटर उंच उडणारं कारंजं, आणि हवा स्वच्छ असल्यामुळे मागे मों ब्लां. याच शहरातल्या सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये त्या शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. शिखर सर झालं १७८६ मध्ये. तळ्याकाठी बसून ते बघताना त्याला कसली ओढ लागली असेल ते समजतं.

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण दुपारी ला जाँक्शिओं चुकवू नका. तिथे ऱ्होन आणि आर्व्ह या नद्या मिळतात. मी कऱ्हाडची, कृष्णा-कोयनेचा संगम बघत वाढले, तरी असं काही पाहिलं नव्हतं. ऱ्होनचा गाळ तळ्यात बसून जातो, म्हणून ती निळी-हिरवी, नितळ. आर्व्ह थेट शामोनीच्या हिमनद्यांचं पाणी घेऊन येते, राखाडी, दुधाळ. रेल्वेच्या उंच पुलावरून बघितलं की दोन रंग कितीतरी अंतर शेजारी-शेजारी वाहताना दिसतात, मधली रेघ स्पष्ट. शामोनीजवळच्या ले झूशला ट्रेक सुरू करताना जी नदी ओलांडली होती, तीच ही! माझे डोळे भरून आले.

तासभर उभ्या होतो. खाली ऱ्होनमधून रबरी होड्यांत पोरं वाहत येत होती, आणि संगमाच्या जरा अलीकडेच, आर्व्हचं गार पाणी लागायच्या आत, काठावर चढत होती.